टाकीतले मासे अचानक मेले? कोल्हापूरकरांसाठी लॅब तपासणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाकीत आत्ता या क्षणी मासे मरत असतील तर आधी दुसरा प्रश्न वाचा आणि कामाला लागा. बाकीचं पाणी हलतं झाल्यावर वाचता येईल.

मेलेला मासा पिशवीत घालून लॅबला नेला की कारण कळेल ना?

बहुतेक वेळा नाही. २७-२८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मासा मेला की त्याच्या पोटातले जिवाणू लगेच कामाला लागतात. तीन-चार तासांत कल्ले पांढरट आणि चिकट होतात, मूत्रपिंड आणि यकृत विरघळायला लागतं. मग कल्चरमध्ये (नमुन्यातले जिवाणू प्लेटवर वाढवून पाहायची चाचणी) जे जिवाणू उगवतात ते त्याला मारणारे होते की त्याला कुजवणारे, हे कुणालाच सांगता येत नाही. अंगावरचे परजीवी तर मासा मेल्यावर थोड्याच वेळात त्याला सोडून जातात किंवा स्वतः मरतात. रात्री मेलेला, सकाळी टम्म फुगून तरंगताना सापडलेला मासा तपासून पैसे वाया जातात.

लॅबला हवा असतो तो मरायला टेकलेला मासा: कडेला पडून धापा टाकणारा, एका बाजूला कलंडलेला, पण कल्ले अजून हलवणारा. तो नसेल तर डोळ्यांसमोर मेलेला, लगेच बर्फावर ठेवलेला. हौशी लोक नेमकं उलटं करतात. आजारी मासा शेवटपर्यंत वाचवायच्या नादात टाकीत ठेवतात आणि मेल्यावर नमुना म्हणून पाठवतात.

आत्ता मासे मरतायत. पहिल्या तासात काय करू?

एअर पंप पूर्ण जोरात चालू करा, फिल्टरचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाकडे वळवा. वीज नसेल तर मगाने पाणी उचलून वरून ओतत राहा. कारण काहीही असो, ऑक्सिजनने नुकसान होत नाही.

त्यानंतर, आणि पाणी बदलायच्या आधी, अर्ध्या लिटरच्या दोन स्वच्छ बाटल्या टाकीच्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. झाकणाखाली हवेचा बुडबुडा नको. तिसरी बाटली तुम्ही टाकीला जे पाणी वापरता त्याची, मग ते नळाचं असो, बोअरचं किंवा टँकरचं. बाटल्यांवर तारीख-वेळ लिहून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पाणी एकदा बदललं की हा पुरावा कायमचा गेला.

मग एक मिनिटाचा व्हिडिओ: मासे कसे पोहतायत, वर येऊन धापा टाकतायत का, अंग दगडावर घासतायत का. नंतर क्लोरीन घालवलेल्या पाण्याने ३० ते ५० टक्के पाणी बदला. खाणं बंद. औषध एकही नाही. निळं नाही, पिवळं नाही, मेडिकलमधली कॅप्सूल तर नाहीच. मीठ चालेल, लिटरला १ ग्रॅम, साधं खडेमीठ. नायट्राइटची विषबाधा असेल तर मिठातलं क्लोराइड तिला अडवतं आणि तपासणीत फारसं आडवं येत नाही.

लॅबला जायची खरंच गरज आहे, हे कसं ठरवायचं?

मासे *कसे* मेले यावरून अर्धा निकाल लागतो. सगळ्या जातींचे मासे काही तासांत एकदम गेले, तर तो रोग नव्हे, पाणी किंवा विष. रोगाला जातीजातींतून पसरायला दिवस लागतात. पाणी बदलल्यावर तासाभरात गेले तर क्लोरीन किंवा तापमानाचा झटका. पहाटे, मोठे मासे आधी आणि लहान नंतर, असं असेल तर ऑक्सिजन संपला. आणि फायटर व गुरामी ठणठणीत, बाकी सगळे गेलेले असतील तर हमखास ऑक्सिजन किंवा कल्ल्यांची भानगड, कारण या दोघांना वरची हवा घेता येते.

एकाच जातीचे मासे आठ-दहा दिवसांत एकेक करून जात असतील, नवे मासे आणल्यावर एक-दोन आठवड्यांत सुरू झालं असेल, किंवा महिनोन्महिने मासे वाळून, पाठ वाकून जात असतील, तर लॅबला जाण्यात अर्थ आहे. हिवाळ्यात एकट्या गोल्डफिश किंवा कोईच मरत असतील तरीही. त्यांचे काही विषाणू १५ ते २५ अंशांच्या पाण्यात जोर धरतात, आणि डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात बिगर-हीटरची टाकी सहज तेवढी उतरते.

टाकी नवी असेल, मासे टाकून सहा आठवडेही झाले नसतील, तर आधी माशांच्या घाणीतून साठणारा अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट पाहा. दहातल्या आठ-नऊ जणांना उत्तर तिथेच मिळतं, असं म्हटलं तरी फार चुकणार नाही.

घरच्या घरी पाण्याचं काय काय तपासू?

अमोनिया, नायट्राइट, पीएच, तापमान आणि नळाचं क्लोरीन. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांचे किट मिळतात. पट्ट्यांपेक्षा थेंब बरे. एक्स्पायरी मात्र बघून घ्या.

अमोनियाचा आकडा एकटा वाचू नका. किट एकूण अमोनिया दाखवतं, त्यातला विषारी भाग पीएचवर ठरतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच ५ टक्क्यांच्या वर जातो, ८.५ ला १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे किटवर १ मिलिग्रॅम प्रति लिटर दिसलं आणि पीएच ७ असला तर मासे तग धरतील. पीएच ८ असला तर विषारी अमोनिया ०.०५ होतो आणि कल्ले जळायला लागतात. दोन शेजाऱ्यांच्या टाक्यांत अमोनियाचा आकडा एकच असून एकाचेच मासे का मेले, याचं उत्तर बरेचदा इथे असतं. मुरलेल्या, पीएच ६.५ ला आलेल्या टाकीत ८ पीएचचं बोअरचं पाणी भसकन ओतलं की शांत बसलेला अमोनिया एकदम विषारी होतो. पाणी बदललं आणि मासे मेले, यात दोष दर वेळी क्लोरीनचाच नसतो.

नायट्राइट वाढलेलं असेल तर मेलेल्या माशाचे कल्ले चॉकलेटी दिसतात. लाल नाही, गुलाबी नाही, चक्क तपकिरी. हे फक्त ताज्या माशात दिसतं.

क्लोरीनसाठी ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक वापरतात तीच ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट. नळाच्या पाण्यात थेंब टाकले की पिवळेपणा येतो, रंगपट्टीशी ताडून आकडा वाचायचा. पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन असावं असं मानक आहे, आणि माशाच्या कल्ल्याला त्याच्या पाव भागानेही इजा होते. पावसाळ्यात नदी गढूळली की तुरटी आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर) दोन्ही वाढतात. जून ते सप्टेंबर दर वेळी पाणी बदलायच्या आधी ओटी करा. ही टेस्ट नळापाशीच करायची. क्लोरीन बाटलीत टिकत नाही, त्यामुळे लॅबला पाठवलेल्या नमुन्यात ते सापडत नाही.

क्लोरीन घालवायला हायपोचे (सोडियम थायोसल्फेट) खडे वापरत असाल तर एक भाग क्लोरीनला सात भाग हायपो असा सुरक्षित हिशेब धरा: १०० लिटर पाण्यात २ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन असेल तर साधारण दीड ग्रॅम.

कोल्हापुरात माशांची तपासणी नेमकी कुठे होते?

एकाच छताखाली सगळं होईल असं ठिकाण गावात शोधत बसू नका. काम वाटून घ्यावं लागतं.

पहिला टप्पा सूक्ष्मदर्शकाचा. कल्ला आणि कातडीचा ओला नमुना पाहायला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा सूक्ष्मदर्शक असलेल्या खासगी पशुवैद्यांकडे विचारा. डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे असले तरी खरजेसाठी ते रोज स्किन स्क्रेपिंग बघतातच. शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र अधिविभागात किंवा जवळच्या विज्ञान महाविद्यालयात ओळख असेल तर परजीवी ओळखायला तिथल्या प्राध्यापकांची मदत होऊ शकते. पण ते शिक्षणाचं ठिकाण आहे, रोगनिदान केंद्र नव्हे. आधी विचारून जा.

दुसरा टप्पा पाण्याचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पीएच, क्षार, कठीणपणा, नायट्रेट अशा पिण्याच्या पाण्याच्या चाचण्या होतात. बोअरच्या पाण्यावर टाकी चालवणाऱ्यांनी एकदा तरी कराव्यात. शिरोळकडच्या क्षारपड पट्ट्यातलं बोअरचं पाणी आणि कोल्हापूर शहरातलं नळाचं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऊसपट्ट्यातल्या विहिरीत खताचं नायट्रेटही उतरतं.

तिसरा टप्पा कल्चर, ऊतीतपासणी (अवयवांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) आणि पीसीआरचा (जंतूंची जनुकीय खूण शोधणारी चाचणी), त्यासाठी जिल्ह्याबाहेर जावं लागतं. सगळ्यात सोयीचं शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, महामार्गालाच, कोल्हापूरहून साधारण १८० किलोमीटर. विकृतीशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र असे दोन्ही विभाग पशुवैद्यकीय महाविद्यालयात असतात. माशांविषयी खास जाण हवी तर रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, आंबा घाटातून साधारण १३० किलोमीटर. माशांचे विषाणू शोधायचे असतील तर मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, पण त्यांचं मुख्य काम गुरं, शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्यांचं.

या सगळ्या ठिकाणी एक नियम: फोन न करता मासा घेऊन जाऊ नका. चार गोष्टी विचारा. मासे घेता का? कोणती चाचणी करता? नमुना कसा हवा, जिवंत, बर्फावर की फॉर्मालिनमध्ये? फी किती आणि पशुवैद्यांची चिठ्ठी लागते का? चिठ्ठी बरेचदा लागते, म्हणून पहिला टप्पा टाळू नये.

मत्स्यशेती किंवा रंगीत माशांचं बीजोत्पादन करणाऱ्यांनी सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कोल्हापूर कार्यालयाला कळवावं. केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'रिपोर्ट फिश डिसीज' हे अ‍ॅपही काढलं आहे. ते शेतकऱ्यांसाठी आहे. घरच्या दोन फुटी टाकीसाठी त्याचा उपयोग नाही.

जवळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्वॅब दिला तर? दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मिळतो.

मिळतो, पण "वाढ आढळली नाही" असा, आणि तो फसवा असतो. माणसांच्या लॅबमध्ये प्लेट ३७ अंशांना ठेवतात, कारण आपलं शरीर तेवढं गरम असतं. माशांचे बरेच जिवाणू २५ ते ३० अंशांना नीट वाढतात. तोंडाला कापसासारखी पांढरी बुरशी दिसते पण असतो जिवाणू, तो कॉलम्नॅरिस तर नेहमीच्या सकस माध्यमावर जवळपास उगवतच नाही. त्याला कमी पोषणाचं खास माध्यम लागतं. लॅबवाले ओळखीचे असतील तर प्लेट २८ अंशांना ७२ तास ठेवायची विनंती करा. ग्राम स्टेन (जिवाणू रंगवून पाहायची पद्धत) आणि क्षयरोगाच्या जंतूंसाठीचा झेड-एन स्टेन मात्र कोणतीही चांगली पॅथॉलॉजी लॅब करून देऊ शकते. वाळून मरणाऱ्या माशांसाठी झेड-एन फार कामाचा, आणि त्याच दिवशी उत्तर.

ओला नमुना म्हणजे काय? घरी जमेल का?

शाळा-कॉलेजचा सूक्ष्मदर्शक असेल तर जमेल. आजारी मासा ओल्या टिश्यूवर घ्या. कव्हर स्लिपच्या कडेने डोक्याकडून शेपटीकडे हलकं खरवडा. काचपट्टीवर टाकीच्याच पाण्याचा थेंब घ्या, नळाचं पाणी वापरलं तर क्लोरीनने परजीवी मरतात आणि न हलणारा परजीवी नवशिक्याला दिसत नाही. खरवडलेला चिकटा त्यात मिसळा, वर कव्हर स्लिप ठेवा आणि १० च्या भिंगाखाली पाहा. कल्ल्याचा नमुना मासा मारल्यावरच: कल्ल्याच्या टोकाचे दोन-तीन तंतू बारीक कात्रीने कापायचे.

गोल, काळसर, हळूहळू लोळणारा गोळा आणि आत घोड्याच्या नालासारखं केंद्रक दिसलं तर तो इक, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी. बशीसारखी गरगर फिरणारी चकती म्हणजे ट्रायकोडिना. कल्ल्यावर आखडणारा-ताणणारा किडा, डोक्याकडे चार काळे ठिपके आणि मागे आकडे, तो डॅक्टिलोगायरस. तसाच पण बिनठिपक्यांचा, पोटात आकड्यांसकट पिल्लू दिसणारा, तो गायरोडॅक्टिलस. हा फरक औषधाच्या वेळापत्रकासाठी महत्त्वाचा आहे. पहिला अंडी घालतो आणि अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून डोस पुन्हा द्यावा लागतो.

एकदोन ट्रायकोडिना दिसले म्हणून तेच मृत्यूचं कारण समजू नका. एका नजरेत दहा-वीस दिसायला हवेत.

किती मासे द्यायचे? माझ्याकडे एकच अरोवाना आहे.

मॉली, गप्पी, टेट्रासारखे लहान मासे असतील तर लक्षणं दाखवणारे तीन ते पाच, जमल्यास वेगवेगळ्या टप्प्यातले. एकच मासा दिला तर तो नेमका वेगळ्याच कारणाने आजारी निघण्याचा धोका असतो.

अरोवाना, फ्लॉवरहॉर्न किंवा मोठी कोई मारायची गरज नाही. कातडीचा खरवडलेला नमुना, पंखाचा बारीक तुकडा, कल्ल्याचा फाहा (स्वॅब), ताजी विष्ठा एवढं जिवंत माशाकडून मिळतं. पंख आणि कल्ल्याच्या फाह्यावर पीसीआरही होतो. हे पशुवैद्यांनी भूल देऊन करायचं काम आहे.

नमुना पॅक कसा करायचा?

जिवंत न्यायचा असेल तर मजबूत पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. मासे विकणारा पिशवी भरून देईल. पिशवी दुहेरी, थर्माकोलच्या डब्यात, ऊन लागू न देता. शक्य असेल तर स्वतः घेऊन जा, पहाटे निघा म्हणजे लॅब उघडताना पोचाल.

नुकताच मेलेला असेल तर पाण्याशिवाय प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, दुसऱ्या पिशवीत घाला, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि मग बर्फावर ठेवा. बर्फ माशाला थेट टेकू नये. चोवीस तासांच्या आत पोचायला हवा. मेलेला मासा पाण्याच्या नमुन्यात बुडवून पाठवणं ही अगदी नेहमीची चूक. त्याने मासा लवकर कुजतो आणि पाण्यातला अमोनियाही खोटा वाढतो, एका दगडात दोन्ही नमुने बाद.

सोमवार ते बुधवारच पाठवा. शुक्रवारी रात्री बसच्या पार्सलने पाठवलेला डबा शनिवार-रविवार कुठल्यातरी ऑफिसच्या कोपऱ्यात पडून राहतो आणि सोमवारी त्याचा वासच सगळी माहिती देतो.

फ्रीझरमध्ये ठेवलाय, चालेल?

विषाणूच्या पीसीआरसाठी चालेल. ऊतीतपासणीसाठी नाही, कारण पेशींत बर्फाचे स्फटिक होऊन त्या फुटतात. परजीवींसाठीही नाही. गावात उशिरा रात्री मासा मेला आणि सकाळीच निघणार असाल तर फ्रीझर नको, खालचा कप्पा, ४ अंश.

फॉर्मालिनमध्ये घालून ठेवला तर टिकेल ना?

ऊतीतपासणीसाठी उत्तम, बाकी कशासाठी नाही. फॉर्मालिनने जिवाणू मरतात, त्यामुळे कल्चर संपलं. पीसीआरही बिघडतो. म्हणून दोन मासे असतील तर एक फॉर्मालिनमध्ये, एक बर्फावर.

बाजारातल्या तीव्र फॉर्मालिनचा एक भाग आणि बफर पाण्याचे नऊ भाग असं १० टक्के द्रावण लागतं, तयार बफर्ड मिळालं तर तेच घ्या. माशाच्या दहापट द्रावण हवं. माशाचं पोट चिरल्याशिवाय तो तसाच टाकू नका. कातडीतून फॉर्मालिन हळू शिरतं आणि तोवर आतले अवयव सडलेले असतात. तुकडे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत. वाफा डोळ्यांना झोंबतात आणि घातक असतात, म्हणून हे काम हातमोजे घालून, गच्चीवर, मुलांना लांब ठेवून. खरं तर पशुवैद्यांकडेच करून घ्या.

पीसीआरसाठीचा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये. सॅनिटायझर किंवा रंगकामाचं स्पिरिट नको.

मासा मारायचा तर कमी त्रासात कसा?

लवंग तेलाने. ०.४ मिलिलिटर तेल थोड्या कोमट पाण्यात बाटलीत जोरात हलवून दुधाळ करा आणि एक लिटर टाकीच्या पाण्यात मिसळा. मासा त्यात ठेवा. कल्ले हलायचे थांबल्यावरही किमान दहा मिनिटं तसाच राहू द्या. कातडीचा नमुना लवंग तेलाच्या आधी घ्या, कारण तेलाने परजीवी सुटून जातात. जिवंत मासा फ्रीझरमध्ये टाकणं किंवा बर्फात गाडणं नको.

फॉर्मसोबत काय लिहून द्यायचं?

अर्धं निदान यावर होतं, आणि लोक यातच कंजुषी करतात. एका कागदावर: टाकीचं माप आणि लिटर, किती दिवसांची टाकी, मासे कोणते आणि किती, त्यातले किती मेले व कुठल्या तारखांना. शेवटचा नवा मासा किंवा वनस्पती कधी आणली. पाणी कुठलं, शेवटचं कधी बदललं, किती. फिल्टर कधी आणि कशाने धुतला. स्पंज नळाखाली धुतला असेल तर तेही, कारण त्यातले उपयोगी जिवाणू क्लोरीनने मेलेले असतात आणि मग अमोनिया चढतो. वीज किती तास गेली होती. खाणं कोणतं. घातलेली सगळी औषधं, मात्रा आणि तारीख. आणि घरात काय झालं: रंगकाम, पेस्ट कंट्रोल, धूर फवारणी, अगरबत्ती, नवं फर्निचर.

आधीच ऑक्सिटेट्रासायक्लिन घातलंय. आता?

खरं सांगा. अँटिबायोटिक दिलेल्या माशाच्या कल्चरमध्ये काही उगवलं नाही तर त्याचा अर्थ संसर्ग नव्हता असा होत नाही. जिवंत मासे उरले असतील तर पशुवैद्यांना विचारून औषध थांबवावं, काही दिवस जाऊ द्यावेत आणि मग नमुना घ्यावा. पीसीआर आणि ऊतीतपासणीला फारसा फरक पडत नाही. कठीण पाण्यात टेट्रासायक्लिन कॅल्शियमला चिकटून बसतं, म्हणून बोअरच्या पाण्यात कॅप्सूल फोडून टाकण्याचा उपयोग असाही कमीच होतो. फिल्टरचे जिवाणू मात्र मरू शकतात.

कुणीतरी विष घातलं असावं. "विषाची टेस्ट" होते का?

सरसकट विषाची एक टेस्ट नसते. काय शोधायचं ते सांगावं लागतं आणि प्रत्येक गटाचं बिल वेगळं, तेही घरगुती टाकीच्या मानाने भारी. म्हणून आधी संशयिताचं नाव ठरवा.

बहुतेक वेळा विष घातलेलं नसतं, हवेतून आलेलं असतं. डास मारायचं लिक्विड, कॉइल, पेस्ट कंट्रोलचे फवारे आणि गल्लीतली धूर फवारणी यांत पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात. माणसाला ती सौम्य, माशाला आणि झिंग्याला अतिशय जहाल. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. झिंगे आधी तडफडून मेले, मासे वेडेवाकडे धावून कलंडले आणि आदल्या दिवशी फवारणी झाली असेल तर लॅबशिवायही अंदाज बांधता येतो. गोगलगायी आणि झिंगे दोन्ही मेले असतील तर तांब्याचा संशय घ्या, औषधातलं किंवा नव्या नळजोडणीतलं.

तरीही तपासायचं असेल तर एक लिटर पाणी गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, झाकणाखाली ॲल्युमिनियम फॉइल, लगेच थंड. प्लास्टिकला ही रसायनं चिकटतात. कुणावर आरोप करायचा असेल तर नमुना स्वतः भरून उपयोग नाही, पोलिसांत तक्रार देऊन पंचनाम्यातच घ्यावा लागतो.

रिपोर्ट यायला किती दिवस लागतात?

ओला नमुना आणि स्टेन त्याच दिवशी. कल्चर दोन-तीन दिवस, त्यावर कोणतं अँटिबायोटिक चालेल हे कळायला आणखी एक-दोन. ऊतीतपासणी एक ते दोन आठवडे. पीसीआर स्वतः दिवसाचं काम, पण नमुने साठल्यावर एकदम लावतात. क्षयरोग गटाच्या जंतूंचं कल्चर काही आठवडे. थोडक्यात, रिपोर्ट येईपर्यंत टाकीतले उरलेले मासे तगतील किंवा जातील. तोवर पाणी, हवा आणि उपास एवढंच तुमच्या हातात.

रिपोर्टमध्ये "एरोमोनास आढळला" असं आहे. म्हणजे तेच कारण?

बहुधा तो संधिसाधू आहे. एरोमोनास हा जिवाणू जवळपास प्रत्येक टाकीत असतो आणि अमोनियाने किंवा परजीवींनी कमकुवत झालेल्या माशात शिरतो. नमुना कुठून घेतला ते पाहा. मूत्रपिंडातून किंवा प्लीहेतून, शुद्ध आणि भरपूर वाढ, एकाहून जास्त माशांत, असं असेल तर गांभीर्याने घ्या. कातडीच्या फाह्यावर तीन-चार प्रकारचे मिश्र जिवाणू असतील तर त्याला काही किंमत नाही.

पीसीआर पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू माशात आहे. त्यानेच मासा मेला हे ऊतीतपासणीतल्या जखमा जुळल्या तरच म्हणता येतं. बरे झालेले मासेही वाहक राहू शकतात.

आणि "विशेष काही आढळले नाही" असं असेल तर चिडू नका. ताज्या, औषध न दिलेल्या नमुन्यात जंतू आणि परजीवी नाहीत, तर पाणी, ऑक्सिजन किंवा विष यांकडे बोट जातं, आणि फ्रीजमधली ती पहिली बाटली आता कामाला येते.

माशांचा रोग आम्हाला होईल का?

बहुतेक नाही. अपवाद क्षयरोग गटातल्या मायकोबॅक्टेरियम मॅरिनम या जिवाणूचा. हातावर जखम असताना टाकीत हात घातला तर दोन-चार आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर लाल, न भरणारी गाठ येते. कातडीच्या डॉक्टरांना "घरी मत्स्यालय आहे" हे स्वतःहून सांगा, नाहीतर महिनोन्महिने वेगळीच मलमं चालतात. नमुना घेताना हातमोजे घाला आणि पाणी काढायची नळी तोंडाने ओढू नका.

दुकानदाराकडून पैसे परत मिळतील का?

रिपोर्टने रोग सिद्ध होतो, तो दुकानातून आला हे नाही. बिल, खरेदीची तारीख आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतले व्हिडिओ असतील तर बोलायला आधार राहतो.

रंकाळ्यात किंवा पंचगंगेत मासे तरंगताना दिसले तर?

तो वेगळा विषय. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाला आणि मत्स्यव्यवसाय खात्याला कळवा, जागा आणि वेळेसह फोटो द्या. तिथले मासे किंवा पाणी घरच्या टाकीत आणू नका. उलट दिशेनेही तेच: आजारी टाकीतले मासे "जगतील तर जगतील" म्हणून रंकाळ्यात सोडू नका. मेलेले मासे बागेत हातभर खोल पुरा, गटारात किंवा कमोडमध्ये नको.

टाकी परत कधी सुरू करायची?

कारण पाणी होतं असं निघालं तर टाकी रिकामी करायची गरज नाही. अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य दिसले की एक-दोन कणखर मासे टाका.

संसर्ग निघाला तर जाळ्या, नळ्या आणि टाकी टीसीएलच्या द्रावणात: १० लिटर पाण्यात ७ ग्रॅम ताजी, ३० टक्के क्लोरीनची पावडर, तासभर. मग हायपोने धुवा, ओटी करून क्लोरीन गेल्याची खात्री करा आणि कडक उन्हात पूर्ण वाळू द्या. महिनाभर उघडी पडलेल्या, फुगलेल्या पावडरीत क्लोरीन उरलेलं नसतं. मायकोबॅक्टेरियम निघाला तर टीसीएलवर भरवसा नको. काच ७० टक्के अल्कोहोलने पुसा. खडी, स्पंज आणि वनस्पती सरळ टाकून द्या.

नवे मासे आले की चार आठवडे वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीसह. बाहेरगावाहून रात्रभर प्रवास करून दुकानात आलेला मासा त्याच दिवशी घेऊ नका, चार-पाच दिवस दुकानातच राहू द्या.